वांकलेली दांडी

वाद्यांचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुधा वादकांचा इतिहास असतो. कोणत्या बुवांनीं कोणती गायकी महाराष्ट्रांत आणिली, कोणत्या खांसाहेबांस कोणत्या दरबारांत मान मिळाला, हें आपणांस पुष्कळ वाचावयास मिळतें. परंतु ज्या दांडीवर त्या मैफलीच्या तारा ताणल्या होत्या ती दांडी दहा-वीस पावसाळ्यांनंतर वांकली तेव्हां ती सरळ कोणीं केली, आणि कशी केली, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आजच्या भाषणांत ह्या दुर्लक्षित बाजूकडे पाहण्याचा विचार आहे. निमित्त मात्र तंबोऱ्याचें नसून एका परक्या आणि वयानें तरुण अशा वाद्याचें आहे. तें वाद्य म्हणजे बेस गिटार.

नागपूरच्या दक्षिणेस, वर्ध्याच्या रस्त्याच्या बाजूस, खापरी आणि शिवणगांव ह्यांच्या परिसरांत मिहान नांवाचा जो प्रकल्प उभा राहिला आहे त्याचें नांव आतां सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. ह्या कामासाठीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ सालीं स्थापन झाली. अशा नव्या वसाहतींत दूरदूरच्या गांवांहून तरुण माणसें येतात, आणि त्यांच्या सामानाबरोबर वाद्येंहि येतात. मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेंत वीस-तीस वर्षें घालविलेली एखादी बेस गिटार अशा रीतीनें वैशाखांत नागपुरास येते, भिंतीवर टांगली जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्या तारा बोटांखालीं येईनातशा होतात. दांडी वांकलेली असते. मालक म्हणतो, ‘वाद्य जुनें झालें, आतां टाकावें.’ हा निकाल बरोबर आहे काय, एवढाच आपल्यापुढील प्रश्न आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं मात्र थोडें दूर जाऊन यावें लागेल.

प्रथम लांकडाचा स्वभाव पाहूं. झाड तोडलें, फळ्या झाल्या, त्यांवर रोगण चढलें, तरी लांकूड पाणी पिण्याचें सोडीत नाहीं. हवा दमट असली कीं तें पाणी घेतें, कोरडी झाली कीं टाकतें. नागपुरांत मे महिन्याच्या दुपारीं हवेंतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि श्रावणांत ती ऐंशीच्या वर जाते. २३ मे २०१३ रोजीं ह्या शहरांत ४७.९ अंश सेल्सियस तपमान नोंदलें गेलें. त्यांत पुन्हा घरोघरीं कूलर असतो. बाहेर वाळवंट आणि खोलींत वाळ्याच्या पडद्यांतून येणारी ओली हवा. म्हणजे भिंतीवरील वाद्यानें सकाळीं उन्हाळा आणि सायंकाळीं पावसाळा सोसावयाचा. लांकूड फुगतें आणि आटतें तें मुख्यतः आडव्या दिशेनें. उभ्या रेषांच्या दिशेनें तें जवळजवळ हालत नाहीं. परंतु गिटारची दांडी बहुधा दोन जातींच्या लांकडांची असते. मागील भाग मॅपलसारख्या फिकट लांकडाचा, आणि त्यावर चिकटविलेली बोटांची पट्टी शिसवीसारख्या काळ्या लांकडाची. हीं दोन लांकडें सारख्या मापानें पाणी पीत नाहींत. एक ओढतें आणि दुसरें अडवितें. ह्या भांडणांत दांडी वांकते.

दुसरें कारण तारांची ओढ. बेस गिटारच्या चार जाड तारांची एकूण ओढ साधारणतः सत्तर ते ऐंशी किलोंची असते. म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका ताण त्या दांडीवर रात्रंदिवस असतो. ह्या ओढीची रेषा दांडीच्या मधून जात नाहीं, तिच्या पृष्ठभागाच्या किंचित् वरून जाते. त्यामुळें दोरी ओढली म्हणजे धनुष्य वांकावें तशी दांडी तारांकडे वांकूं पाहते. तारांच्या वाद्यांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं ह्या धनुष्याशीं माणसानें केलेल्या वाटाघाटींचा इतिहास आहे.

आपल्याकडील वाद्यांनीं ह्या बाबतींत लांकडाशीं एक प्रकारचा तह केलेला दिसतो. तंबोऱ्यास पडदेच नाहींत. त्याची दांडी केसभर वांकली तरी सुरास बाध येत नाहीं. षड्जाचा नाद घोडीवरील जवारीनें साधला म्हणजे झालें. सतारीला पडदे आहेत, पण ते धातूच्या कमानदार कांड्यांचे असून दोऱ्यानें दांडीस बांधलेले असतात. ऋतु पालटला, लांकूड हाललें, किंवा रागच बदलला, तर वादक तो पडदा बोटानें वर-खालीं सरकवितो. दक्षिणेंतील वीणेचे पडदे मेणाच्या थरांत बसविलेले असतात. सूर चळला कीं मेण काढून ते पुन्हा बसवितां येतात. ह्या सर्व वाद्यांच्या रचनेंत हें गृहीतच धरलेलें आहे कीं लांकूड हालणार, आणि माणसानें अधूनमधून त्याची विचारपूस करावी लागणार.

युरोपांतहि पूर्वीं असेंच होतें. तेथील ल्यूट ह्या वाद्याचे पडदे आंतड्याच्या तातीचे असून ते दांडीभोंवतीं बांधलेले असत. ते कोठें बांधावे ह्याचा एक सुलभ नियम विंचेंझो गॅलिली ह्यानें १५८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दिला. तारेची जेवढी लांबी उरली असेल तिचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधावा, असा तो नियम. प्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ ह्याचा हा पिता होय. पुढें गिटार पुढें आली आणि तिच्यावर धातूचे पडदे खांच पाडून कायमचे ठोकले जाऊं लागले. वाजविणाराची सोय झाली, परंतु तह मोडला. पडदा हालत नाहीं म्हटल्यावर हालण्याचा अधिकार लांकडाकडूनहि काढून घेणें भाग पडलें. दांडी वांकली कीं तार मधल्या पडद्यांपासून उंच जाते. ती खालीं दाबावयास अधिक जोर लागतो, आणि अधिक दाबल्यानें ती अधिक ताणली जाऊन सूर चढतो. उलट दांडी मागें वांकली तर तार पडद्यांवर आपटून खरखर करते.

स्थिर सूर आणि चल सूर ह्यांचें हें भांडण आपल्याकडे हार्मोनियमच्या रूपानें गाजलें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. आकाशवाणीनें १९४० सालीं त्या पेटीस दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. पेटीचे सूर हालत नाहींत, हीच तिच्याविरुद्धची मोठी तक्रार होती.

आतां मिरजेकडे वळूं. पटवर्धनांच्या ह्या संस्थानांत गायक-वादकांची ये-जा असे, परंतु वाद्यें दूरच्या गांवांहून येत, आणि एखादें वाद्य बिघडलें कीं मोठी अडचण पडे. तेथें शिकलगार मंडळी होती. त्यांचा धंदा शस्त्रें घडविण्याचा आणि त्यांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमल स्थिरावला आणि तलवारीचें काम ओसरलें. परंपरा अशी सांगते कीं त्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधु मोहिनुद्दीन ह्यांनीं प्रथम वाद्यें दुरुस्त करावयास घेतलीं, आणि त्यांतून पुढें तीं घडविण्याची विद्या हस्तगत केली. पंढरपुराकडील भोपळे, तुणीचें लांकूड, आणि पिढ्यान्पिढ्या मुरलेला हात, एवढ्या भांडवलावर मिरजेचा तंबोरा हिंदुस्थानभर गेला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

ह्या कथेंतील मर्म क्रमांत आहे. आधीं दुरुस्ती आली आणि मागून निर्मिति आली. तें स्वाभाविकहि आहे. नवें वाद्य करणारास आपलें वाद्य पहिल्या दिवशीं कसें आहे एवढेंच दिसतें. दुरुस्ती करणारास तें तीस वर्षांनंतर कोठें हरलें हें दिसतें. सांधा कोठें उघडतो, दांडी कोणत्या बाजूस झुकते, घोडीखालची तबली कोठें खचते, हें शेंकडों जुन्या वाद्यांनीं ज्यास सांगितलें त्याच्या हातचें नवें वाद्य अधिक टिकावें ह्यांत नवल नाहीं. मिरजेंतच पुढें राहिलेले आणि १९३७ सालीं दिवंगत झालेले खांसाहेब अब्दुल करीमखां हे स्वतः वाद्यदुरुस्तींत निष्णात होते. ज्यांच्या गळ्याचा सूर अवघ्या महाराष्ट्रास मोहून गेला त्यांना हातांत कानस धरण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तारा आणि लांकूड ह्यांमधील सूक्ष्म अंतराचें महत्त्व शास्त्रज्ञांच्याहि ध्यानांत आलें होतें. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० सालीं सरकारी हिशेब खात्यांत असतांना कांहीं काळ नागपुरास होते. पुढें १९२१ च्या सुमारास त्यांनीं भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित् कमानदार घोडीमुळें आणि तींत सारलेल्या दोऱ्यामुळें, पाश्चात्य नियमाप्रमाणें जे उपस्वर उमटूं नयेत तेहि त्या तारेंतून उमटतात, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. एका दोऱ्याच्या जाडीइतक्या अंतरानें नाद पालटतो; मग वांकलेल्या दांडीनें तो पालटल्यास आश्चर्य कसलें?

त्याच सुमारास अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील कॅलामझू गांवीं गिब्सन कंपनीच्या कारखान्यांत थॅडिअस मॅकह्यू नांवाच्या कारागिरानें ह्या धनुष्यावर एक तोड काढली. दांडीच्या पोटांत लांबच लांब खांच पाडून तींत पोलादाची कांब बसवावयाची आणि तिच्या एका टोंकास फिरकी ठेवावयाची. फिरकी आवळली कीं कांब दांडीस तारांच्या उलट दिशेनें ओढते. सैल केली कीं तारांचा जोर पुन्हा वाढतो. १९२३ सालीं ह्या युक्तीचें पेटंट मिळालें. लांकडास गुलाम करण्याचा प्रयत्न फसल्यावर पुन्हा त्याच्याशीं तह झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पडदा हालत नव्हता, म्हणून दांडीसच हालविण्याची सोय झाली.

ह्या कांबेवांचून बेस गिटार जन्मास येणें कठीण होतें. तिच्या पूर्वीं खर्जाच्या सुरांसाठीं माणसाहून उंच असें कॉंट्राबास वाद्य उभें धरून वाजवीत. तें वाहून नेणें जिकिरीचें, त्यास पडदे नाहींत, आणि नगारे-तुताऱ्यांच्या गोंगाटांत तें ऐकूं येत नसे. सिअ‍ॅटल शहरीं पॉल टटमार्क ह्यानें १९३० नंतरच्या दशकांत आडवें धरून वाजविण्याचें, पडदे असलेलें, विजेचें एक खर्ज-वाद्य बनविलें, पण तें फारसें खपलें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर ह्यानें आपली बेस गिटार बाजारांत आणिली आणि तिचें नांवच ‘अचूक’ ह्या अर्थाचें ठेविलें. कारण पडद्यांमुळें तिचा सूर अचूक लागे. तारेची मोकळी लांबी चौतीस इंच, दांडी मॅपलच्या एकाच तुकड्याची, तिच्या पाठींतून आंत सारलेली कांब, आणि ती खांच बुजविणारी काळ्या लांकडाची पट्टी. दांडी धडास केवळ चार स्क्रूंनीं जोडलेली होती. ही जोडणी मुळांत कारखान्याच्या सोयीची. पण दुरुस्ती करणारास ती वरदान ठरली, कारण दांडी सुटी करून हातांत घेतां येते.

आपल्याकडे हें वाद्य आलें तें मुख्यतः मुंबईच्या मार्गानें. गोव्याच्या चर्चमधील शाळांत स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकलेले वादक हॉटेलांतील वाद्यवृंदांत व चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम करीत. १९६० ते १९८० च्या दरम्यान, विशेषतः राहुलदेव बर्मन ह्यांच्या संगीतांत, बेस गिटारचा खर्ज घरोघरींच्या रेडिओंतून ऐकूं येऊं लागला. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळांत परदेशी वाद्य मोडलें तर सुटा भाग मिळणें दुरापास्त असे. साहजिकच तें सुताराच्या, नाहींतर व्हायोलिन सांधणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या हातीं जाई. त्या काळचीं जीं वाद्यें आज शिल्लक आहेत तीं अशाच अनामिक हातांनीं राखलेलीं आहेत.

आतां प्रत्यक्ष उपचाराकडे येऊं. वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणें येथेंहि निदान आधीं. सुतार रंधा मारलेली फळी एका डोळ्यासमोर धरून पाहतो तशी दांडी टोंकाकडून पाहावी. दोष तीन जातींचे असतात. दांडी तारांकडे वांकलेली असेल, पाठीकडे वांकलेली असेल, किंवा तिला पीळ पडला असेल. पहिल्या दोहोंचें माप घ्यावयास निराळें साधन नको. ताणलेली तार हीच उत्तम पट्टी. पहिल्या पडद्यावर आणि दांडी धडास मिळते त्या पडद्यावर तार दाबून धरावी, आणि मध्यभागीं तार व पडदा ह्यांत किती फट राहते तें पाहावें. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट असेल तर दांडी निरोगी आहे. पूर्ण सरळ दांडी चांगली नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कंप पावणारी तार मधोमध अधिक झुलते, म्हणून तिला थोडी जागा लागतेच.

फट जास्त असेल तर तारा जरा सैल कराव्या, किल्लीनें कांबेची फिरकी पाव वळसा आवळावी, तारा पुन्हा सुरांत आणाव्या, आणि एक दिवस थांबावें. लांकूड घाईनें ऐकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हा मापून, लागल्यास आणखी पाव वळसा. फिरकी फिरेनाशी झाली तर जोर करूं नये. तीस वर्षांच्या गंजानें धरलेली कांब एकदां तुटली म्हणजे उपाय फार महाग पडतो. पुष्कळ लोक दांडीचा दोष न पाहतां घोडी खालीं उतरवितात. त्यानें तार जवळ येते खरी, पण वांक तसाच राहतो आणि वरच्या पडद्यांवर खरखर सुरू होते.

कांबेचा जोर संपला असेल तर उष्णतेचा उपाय करावा लागतो. आपल्याकडे तो कांहीं नवा नाहीं. लाठी सरळ करणारा बांबूस तेल चोळून विस्तवावर धरतो आणि गुडघ्याशीं टेकवून हलकेच दाबतो. बुरुडाच्या घरीं हें ज्ञान लहान मुलासहि असतें. गिटारच्या बाबतींत दांडी सुटी करून, कांब सैल सोडून, ती एका जाड सरळ तुळईवर ठेवतात. दोन्ही टोंकांखालीं आधार देऊन मध्यभागीं शिकंजा आवळतात, आणि दांडी सरळ रेषेच्या किंचित् पलीकडे जाईपर्यंत दाबतात. मग तिला सावकाश ऊब देतात. उबेनें लांकूड नरम होतें, आणि पट्टी व दांडी ह्यांमधील सरस थोडा ढिला पडून दोघांना एकमेकांवर सरकूं देतो. त्यानंतर शिकंजा न काढतां रात्रभर निवूं द्यावयाचें. ऊब मर्यादेबाहेर गेली तर पट्टी सुटून येते. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारीचा अंतर्भाग नागपूरच्या मे महिन्यांत साठ अंशांपलीकडे सहज जातो. म्हणजे जें काम कारागीर शिकंजा लावून करतो तेंच तेथें शिकंज्यावांचून, आणि उलट दिशेनें, घडतें.

पीळ पडलेल्या दांडीस मात्र ह्यानें क्वचित् गुण येतो. तेथें सर्व पडदे उपसून, पट्टी रंधून सपाट करून, नवे पडदे बसवावे लागतात. ह्यांत थोडें लांकूड कायमचें जातें, आणि म्हणून कारागीराची खरी परीक्षा येथें होते. किती काढावें हें साधारण हातास कळतें. किती ठेवावें हें जाणत्या हातासच कळतें.

मिहानमध्येंच, टाटा समूहाच्या कारखान्यांत, बोइंगच्या विमानांसाठीं कार्बन-तंतूंच्या तुळया तयार झाल्या आहेत. ह्या पदार्थाचा आणि बेस गिटारचा संबंध जुना आहे. १९७६-७७ च्या सुमारास विमान-अवकाश क्षेत्रांतील जेफ गूल्ड ह्या कॅलिफोर्नियांतील अभियंत्यानें, अलेंबिक ह्या वाद्यकारखान्याच्या साह्यानें, कार्बन-तंतूंची दांडी असलेली बेस गिटार तयार केली. ती दांडी पाणी पीत नाहीं, ऋतु ओळखत नाहीं आणि वांकत नाहीं. आज लांकडी दांडींतहि पोलादी कांबेच्या दोन बाजूंस कार्बनच्या सळ्या घालण्याची पद्धति आहे. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु ज्या जुन्या लांकडी वाद्यांनीं एका पिढीचें गाणें वाहिलें तीं कार्बनचीं होणार नाहींत. त्यांना सरळ करणारा हातच हवा.

आणि काळजी आहे ती ह्या हाताचीच. मिरजेंत शस्त्रें संपलीं तेव्हां शिकलगारांच्या हातांना तंबोऱ्याचें काम मिळालें, कारण तेथें दुरुस्तीला मागणी होती आणि दुरुस्तीला मान होता. जेथें जुनें वाद्य टाकून नवें मागविणें सोपें झालें आहे तेथें दुरुस्तीचा पैसा प्रथम जातो, मग कारागीर जातो, आणि शेवटीं तें वाद्य कशानें बिघडलें हें सांगणारा माणूसच उरत नाहीं. ज्या गांवीं विमानाचा पंख तपासून पुन्हा आकाशांत पाठविणारे लोक आहेत त्या गांवीं चार तारांची दांडी सरळ करणारा मिळूं नये हें शोभणारें नाहीं.

तेव्हां मालकाच्या निकालास उत्तर द्यावयाचें तें असें. दांडी वांकली म्हणजे वाद्य मेलें असें नव्हे. तिनें केवळ हवेचा आणि तारांचा जमाखर्च लिहून ठेविला आहे. तो आधीं वाचावा. कूलरच्या झोतापासून वाद्य दूर न्यावें, उन्हाळ्यांत पेटींत ठेवावें, आणि मग किल्ली हातीं घ्यावी. पाव वळसा, आणि एक दिवसाची वाट. बहुतेक वाद्यांना एवढें पुरतें. ज्यांना पुरत नाहीं त्यांच्यासाठीं कारागीर शोधावा, आणि सांपडल्यास त्याच्याजवळ एखाद्या होतकरू मुलास बसवावें.